असन्निधान आणि आर्ताचा प्रश्न

परब्रह्म परमेश्वर श्रीचक्रधर प्रभूंच्या एकाकी परिभ्रमणकाळातील ससिकरक्षणाची लीळा पंथातील आबालवृद्धांस ठाऊक आहे. स्वामी वृक्षातळी आसनस्थ असता कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धापा टाकीत आला आणि स्वामींच्या जानूतळी दडला. मागोमाग पारधी आले. त्यांनी आपली शिकार मागितली. शरण आलेल्या जीवास स्वामींनी सोडून दिले नाही. उलट त्या पारध्यांशीच ते बोलले, आणि जे हिंसेच्या आवेशात आले होते ते शांत होऊन माघारी गेले.

ही लीळा निरूपणात आली की श्रोत्यांच्या मुद्रेवर समाधान उमटते. शरणागताचे रक्षण करणे हा परमेश्वराचा स्वभाव आहे, हे तीवरून सहज मनावर ठसते. परंतु हीच लीळा लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात एखाद्या घरी सांगावयाची झाल्यास निरूपण करणाऱ्यास थबकावे लागते. ज्या घरातील लेकरू भिंतीखाली गेले, त्या घरातील माता बोलेल किंवा न बोलेल. तिच्या मनात एकच प्रश्न उभा राहणार. सशाला ज्याने जानूतळी घेतले, त्याने माझ्या लेकराला का घेतले नाही? त्या रात्री तो काहीच का बोलला नाही? हा प्रश्न नास्तिकाचा नव्हे. ज्याचा देवावर विश्वासच नाही तो देवाला जाब विचारीत नाही. हा आर्ताचा प्रश्न आहे, आणि धर्मवार्ता करणाऱ्याने तो ऐकून न ऐकल्यासारखे करणे योग्य नाही.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. पहाटेचे चार वाजण्यास काही मिनिटे कमी होती. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले. मिरवणुकी आटोपून गावे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, पेठसांगवी आणि आसपासच्या कितीतरी गावांखालची भूमी हादरली, आणि पाहता पाहता गावेच्या गावे दगडमातीचे ढीग होऊन पडली. शासकीय नोंदीत सात हजार नऊशेहून अधिक मृत्यू आले. इतर अंदाज दहा हजारांच्या आसपास जातात. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. भूकंपानंतर पाऊसही आला. ढिगाऱ्यांतून काढलेल्या देहांना एकेकटे सरण मिळणे शक्य नव्हते. सामूहिक चिता पेटल्या. कोणाचा देह कोणत्या चितेवर गेला हेही काही घरांना कळले नाही.

याच भागात आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान धक्के जाणवले होते. तरीही दख्खनच्या या जुन्या, स्थिर मानलेल्या कातळावर एवढे मोठे संकट येईल असे जाणत्यांनाही वाटले नव्हते. घरे होती ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीची. दगड आणि मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात हेच घर गारवा देई. त्या पहाटे मात्र तोच भार झोपलेल्यांच्या अंगावर आला.

अशा वेळी भोवतीचे लोक दोन उत्तरे फार लवकर देतात. पहिले उत्तर असे की देव कोपला. या उत्तरास ब्रह्मविद्येत थारा नाही, आणि त्यावर फार वेळ घालविण्याचेही कारण नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व नित्य आहेत, हा पंथाचा पायाभूत सिद्धांत आहे. प्रपंच हा प्रपंचाच्या धर्माने चालतो. जीवाच्या कर्माची फळे भोगविण्याचा अधिकार देवतांकडे आहे. परमेश्वर हा या कर्मराहाटीचा शिक्षाधिकारी नव्हे. तो कृपाळू, मायाळू, जीवोद्धरणाचेच ज्याला व्यसन असा आहे. ज्याला उद्धरणाचे व्यसन त्याच्या हाती संहाराचा आसूड देणे म्हणजे परमेश्वराचे स्वरूपच न ओळखणे होय.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे, कारण ते सिद्धांताच्या जवळचे वाटते. 'ज्याचे त्याचे कर्म' हे ते उत्तर. जीव आपल्या कर्माची फळे भोगतो हे शास्त्राला मान्यच आहे. ते नाकारून चालणार नाही. तथापि एक गोष्ट साधकाने नीट पाहावी. कर्माचा सिद्धांत कोणाला कशासाठी सांगितला आहे? तो स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी सांगितला आहे. दुसऱ्याच्या चितेकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे. अमुक जीवाचे अमुक कर्म, त्याचे अमुक फळ, हा हिशेब सर्वज्ञासच ठाऊक. अविद्येने वेढलेल्या जीवाला स्वतःच्या मागील जन्मातील एक घटकाही आठवत नाही. तो शेजाऱ्याच्या जन्मांतरीच्या पातकाचा निवाडा कोणत्या ज्ञानाने करणार? एकाच छपराखाली सहा जण निजले होते, त्यांतील दोघे उरले. उरलेले पुण्यवान आणि गेलेले पापी असे म्हणणारा शास्त्र सांगत नसतो. तो केवळ आपल्या मनातील भय झाकीत असतो. 'हे आपल्यावर येणार नाही' असा दिलासा त्याला हवा असतो, आणि तो दिलासा तो दुःखिताच्या अंगावरून घेतो.

शिवाय पंथात अहिंसा ही केवळ हाताने पाळावयाची गोष्ट नाही. वाचेनेही जीवास पीडा होऊ नये, हा आचार लहानपणापासून शिकविला जातो. पाण्यातील सूक्ष्म जीवाला इजा होऊ नये म्हणून जो ते गाळून पितो, त्याने पुत्रशोकाने पोळलेल्या मातेला 'तुझ्या कर्माचे फळ' असे म्हणावे, ही मोठीच विसंगती. वाक्य सिद्धांताच्या भाषेत असले तरी कृती हिंसेचीच ठरते.

येथे कोणी विचारील की कोप नाही आणि कर्माचा उच्चारही करावयाचा नाही, तर मग परमेश्वर त्या पहाटे कोठे होता? या प्रश्नाला पंथाच्या परंपरेत जो शब्द आहे तो इतरत्र सहसा आढळत नाही. तो शब्द असन्निधान. परमेश्वर अवतार धारण करून जीवांमध्ये वावरतो, बोलतो, जेवतो, हसतो, तो काळ सन्निधानाचा. तो प्रत्यक्ष नसतो, तो काळ असन्निधानाचा. सन्निधानातील जीवाचा धर्म दास्याचा आहे, असन्निधानातील जीवाचा धर्म स्मरणाचा आहे. म्हणजे परमेश्वराचे प्रत्यक्ष न बोलणे ही मार्गात अकल्पितपणे घडलेली घटना नाही. या मार्गाची बांधणीच त्या न बोलण्याचा विचार करून झालेली आहे. विसाव्या शतकातील किल्लारीच्या मातेला जे मौन ऐकू आले, तेच मौन तेराव्या शतकात नागदेवाचार्यांना ऐकू आले होते.

शके ११९६ मध्ये, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास, स्वामी उत्तरापंथे गेले. मागे राहिलेल्यांची जी अवस्था झाली तिचे वर्णन परंपरेने लपविलेले नाही. भटोबासांसारखा ज्ञानी, वैराग्यशील पुरुष विरहाने पार खचला. स्वामींनी निरूपण करून ठेवले होते, आज्ञा देऊन ठेवल्या होत्या, पुढे कोठे जावे तेही सांगून ठेवले होते. तरी शोक आवरला नाही. हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्ञान झाले म्हणजे अश्रू थांबतात अशी समजूत काही साधकांत असते, आणि त्यामुळे दुःखी वासनिक आपले रडणे अपराधासारखे लपवितो. भटोबासांना कोणी अल्पश्रद्ध म्हटले नाही. विरहाचे दुःख हे परमेश्वराशी असलेल्या संबंधाचेच चिन्ह मानले गेले.

महदाइसेचेही असेच. ती बालविधवा. संसाराचे सुख तिच्या वाट्याला आले नाही. स्वामींच्या सन्निधानी तिने जितके प्रश्न विचारले तितके क्वचितच कोणी विचारले असतील. तिच्या जिज्ञासेचे स्वामींना कौतुकच होते. तिला गप्प बसविण्यात आले नाही. प्रश्न विचारणाऱ्या विधवेचे पंथाच्या इतिहासात जे स्थान आहे, ते पाहिले म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या मातेला कोणते स्थान द्यावयाचे हे वेगळे सांगावयास नको.

स्वामींच्या आज्ञेप्रमाणे भक्तमंडळी रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. तेथेच वाजेश्वरीस भटोबास एकदा एकांतात बसून मनाशी काही आठवीत होते. म्हाइंभटांनी विचारले, तेव्हा कळले की ते सर्वज्ञांच्या लीळांचे मनन करीत आहेत. म्हाइंभट हे सराळ्याचे, मोठे विद्वान, पूर्वी वादविवादात रमणारे. त्यांच्या मनात आले की भटोबासांजवळ जे आहे ते एकट्याचे राहू नये. मग त्यांनी ज्याने जे पाहिले, ज्याने जे ऐकले, ते त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून एकत्र केले. 'लीळाचरित्र' असे सिद्ध झाले. मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणून भाषेचे अभ्यासक त्याचा गौरव करतात, तो यथार्थच आहे. साधकाने मात्र त्याचा उगम पाहावा. परमेश्वर बोलत होता तोवर ग्रंथाची गरज कोणास भासली नव्हती. तो बोलेनासा झाला, आणि विरहात बसलेल्या एका शिष्याने काल ऐकलेले आज पुन्हा मनाशी घोळविले, त्यातून हा ग्रंथ निघाला.

पुढे त्या ग्रंथावरही आपत्ती आली. खिलजींच्या स्वाऱ्यांनी देवगिरीचे राज्य कोसळले, त्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली असे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसेचे नाव त्यात आदराने घेतले जाते. आज जे निरनिराळे पाठ आढळतात त्यांचे कारण हेच. पाठभेदांमुळे संशोधकांना त्रास होतो खरा, पण त्या भेदांतच एका उद्ध्वस्त पिढीने काय वाचविले हे दिसते. घर गेले, पोथी गेली, आठवण तेवढी उरली, आणि त्या आठवणीवर पंथ उभा राहिला.

नांदेड जिल्ह्यातील माहूर, म्हणजे मातापूर, हे श्रीदत्तात्रेय प्रभूंचे स्थान. देवदेवेश्वरी दर्शनास जाणारा प्रत्येक जण तेथील एक लीळा ऐकून येतो. फलटणचे श्रीचक्रपाणी प्रभू यात्रेच्या निमित्ताने माहुरास आले असता पर्वतावर श्रीदत्तात्रेय प्रभू वाघाच्या वेषाने प्रकटले, डरकाळी फोडली आणि आपला चवडा त्यांच्या मस्तकी ठेवला. शक्तिस्वीकार झाला. श्रीचक्रपाणी स्वतः ईश्वरावतार. त्यांच्या ठिकाणी भयाची कल्पना करता येत नाही. परंतु लीळा ऐकणाऱ्या जीवाला त्यातून एवढे कळते की परमेश्वराने आपल्याजवळ यावे ते आपल्याला आवडणाऱ्या रूपानेच यावे, अशी अट घालता येत नाही.

या लीळेचा दुरुपयोगही होऊ शकतो, म्हणून येथे सावध राहिले पाहिजे. किल्लारीचा भूकंप हाच तो वाघाचा चवडा, मृत्यू हीच कृपा, असे निरूपण कोठे कोणी केल्यास ते ऐकावयास गोड वाटेल; पण ते सिद्धांताला धरून नाही. माहुरास आला तो परमेश्वर होता. किल्लारीस हलली ती पृथ्वी होती, पडल्या त्या मातीत बांधलेल्या भिंती होत्या. प्रपंच आणि परमेश्वर एक करावयाचे नाहीत, हा धडा ज्यांनी पहिल्याच इयत्तेत घेतला त्यांनी दुःखाच्या प्रसंगी तो विसरू नये. प्रपंचाचे जे आहे ते प्रपंचाच्या ज्ञानानेच सुधारावे लागते. नव्या गावांतील घरे भूकंपाला तोंड देतील अशा रीतीने बांधण्यात आली, हे योग्यच झाले. हलके छप्पर घातल्याने परमेश्वरावरील विश्वास उणा होत नाही.

सामूहिक चितांविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तो सल अनेक घरांत वर्षानुवर्षे राहिला असणार. आपल्या माणसाचा अंत्यविधी झाला नाही, देह ओळखूही आला नाही, तेव्हा त्याच्या जीवाचे काय झाले असेल, ही ती चिंता. देह हा प्रपंचाचा. त्याचे काय झाले, कोणी केले, कोणते मंत्र म्हटले वा म्हटले नाहीत, यावर जीवाची गती अवलंबून नाही. श्राद्धपिंडादी कर्मकांडाने जीव तरतो असे पंथ मानीत नाही. त्याच न्यायाने ते न झाल्यामुळे जीव बुडतो असेही मानीत नाही. ही गोष्ट वादात जिंकण्यासाठी पुष्कळदा सांगितली गेली आहे. ती खरोखर उपयोगी पडते ती अशा घरात.

आता असन्निधानाच्या विचारातील सर्वांत महत्त्वाचा भाग. परमेश्वर प्रत्यक्ष नसताना त्याच्याशी संबंध राखणारी चार साधने परंपरेने सांगितली आहेत. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. स्थान म्हणजे जेथे त्याचे श्रीचरण लागले ती भूमी. प्रसाद म्हणजे त्याच्या स्पर्शाने पावन झालेली वस्तू. या दोहोंविषयी सर्वांनाच आदर असतो. स्थानवंदनास लोक दुरून येतात, प्रसाद मस्तकी लावतात. भिक्षुक आणि वासनिक ही उरलेली दोन साधने मात्र पुष्कळदा केवळ मोजणीत राहतात. ती दोन्ही चालतीबोलती माणसे आहेत. सन्निधान नसताना परमेश्वरसंबंध कोठे शोधावा, या प्रश्नाच्या उत्तरात शास्त्राने दगडाच्या ओट्याच्या पंक्तीला माणूस बसविला आहे, याचा अर्थ काय? आर्ताच्या दारी जो मार्गस्थ माणूस येतो, त्याच्या येण्यात तो संबंध आहे. परमेश्वराच्या मौनाविषयी तक्रार करणाऱ्या मातेकडे कोणीच फिरकले नसेल, तर त्या मौनाचा काही भाग परमेश्वराचा नसून त्या न फिरकणाऱ्यांचा आहे.

लातुरास हे पुन्हा एकदा अनुभवास आले, जरी प्रसंग निराळा होता. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. शहरात पाण्यासाठी जमाव जमू नये म्हणून प्रशासनास बंदी घालावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणण्यात आले; पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या, आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. कृष्णाकाठचे पाणी मांजराकाठी आले. त्या दिवसांत नळाकडे आणि आकाशाकडे आळीपाळीने पाहणाऱ्या वृद्धांना रिद्धपूरची एक लीळा आठवली असल्यास नवल नाही. तेथील मातंगांना पाण्याचे दुर्भिक्ष्य होते. त्यांनी श्रीगोविंदप्रभूंना विनविले. प्रभूंनी जागा दाखविली. तेथे खणले असता पाणी लागले. त्या काळी ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर उभे राहता येत नव्हते, त्यांच्यासाठी ही जागा दाखविली गेली. जागा प्रभूंनी दाखविली, पण कुदळ मातंगांनीच चालविली.

स्मरण म्हणजे नुसते नामोच्चारण नव्हे. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा या सर्वांचे स्मरण करावयाचे असते, आणि लीळेचे स्मरण करणाऱ्याच्या हातापायांना ती लीळा कधी ना कधी हलविल्याशिवाय राहत नाही. ससिकरक्षणाची लीळा नित्य आठवणाऱ्याच्या जानूतळी कोणी येऊन दडले, तर तो जागेवरून उठून जाईल काय?

एवढा विचार झाल्यावर पुन्हा त्या मातेच्या दारी यावे लागते. तिच्या प्रश्नाचे असे उत्तर, की जे ऐकताच तिचे दुःख निमावे, शास्त्राने कोणाच्याही झोळीत घालून दिलेले नाही. सशाचा प्रसंग सन्निधानातील, तिचा असन्निधानातील, हा भेद सत्य आहे. पण तो भेद सांगून तिचे लेकरू परत येत नाही. त्या सशाचेही आयुष्य पुढे केव्हातरी सरलेच असेल. त्याला त्या वृक्षातळी खरोखर जे मिळाले ते चार वर्षांचे अधिक आयुष्य नव्हे, तर ईश्वराचा संबंध. आणि तो संबंध त्याने मागितलाही नव्हता, ओळखलाही नव्हता. परमेश्वराचे देणे जीवाच्या ओळखीवर अवलंबून नसते, एवढा आधार या लीळेत निश्चित आहे. झोपेत गेलेल्या लेकराने नाम घेतले नव्हते, म्हणून ते परमेश्वराच्या व्यसनाच्या बाहेर पडले, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही.

भिक्षुकाने अशा घरी जावे, ओट्यावर बसावे. प्रथम लेकराचे नाव विचारावे. माता बोलू लागल्यास मध्ये निरूपण घालू नये. ती देवाला दोष देऊ लागली तरी कान झाकू नयेत. भटोबासांचा शोक परमेश्वराने ऐकला असेल तर हाही तो ऐकतोच, आणि त्याच्या वतीने तो ऐकून घेणे हे भिक्षुकाचे त्या घटकेचे काम आहे. शेजारच्या वासनिकांनी चुलीकडे पाहावे, घरात पाणी आहे की नाही ते पाहावे. दर वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्या दिवशी तरी तिला एकटी ठेवू नये. ससिकरक्षणाची लीळा आपण होऊन काढू नये. कदाचित दुसऱ्या खेपेस, कदाचित काही वर्षांनी, ती स्वतःच म्हणेल की ती सशाची गोष्ट सांगा. तेव्हा सांगावी, आणि सांगताना ससा वाचला येथे न थांबता, पारधी रिकाम्या हाताने माघारी गेले तेथपर्यंत सांगावी.